परदेशातून आलेला डॉलर शेवटी जातो कुठे?

प्रश्न असा आहे: परदेशात राबणारी माणसं घरी पैसे पाठवतात, त्याने विकसनशील देशाचं चलन मजबूत होतं का? होत असेल, तर विक्रमी पैसा येऊनही इतक्या देशांचं चलन घसरत का राहतं? आणि सरकारं या पैशावर वरून बोनस देतात, त्याचा दराला काही उपयोग होतो का?

बँकेच्या ट्रेझरीत परकीय चलनाच्या टेबलावर, म्हणजे जिथे डॉलरची खरेदी-विक्री होते तिथे, मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे सुरुवात त्या टेबलावरूनच करतो. पुस्तकातलं उत्तर दोन ओळींचं आहे. डॉलरचा पुरवठा वाढतो, डॉलर स्वस्त होतो, स्थानिक चलन वधारतं. ते चूक नाही, पण फार लवकर थांबतं. दर ठरतो तो डॉलर कोणाच्या खात्यात पडला आणि तिथून पुढे कुठे गेला यावर.

एक व्यवहार जवळून पाहू. रियाधमधला एक गवंडी एक्स्चेंज हाउसच्या काउंटरवर १,००० रियाल देतो. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे झाले साधारण २६७ डॉलर. या एक्स्चेंज हाउसने गवंड्याच्या मायदेशातल्या बँकेकडे आधीच डॉलर भरून ठेवलेले असतात. काउंटरवरून निरोप गेला की बँक आपल्या गल्ल्यातून गवंड्याच्या बायकोच्या खात्यात स्थानिक चलन जमा करते. हल्ली यात काही मिनिटंच जातात. नोटा कुठेच हलत नाहीत. डॉलर न्यूयॉर्कमधल्या खात्यात फक्त एका नावावरून दुसऱ्या नावावर जातात.

आता बँकेकडे डॉलर वाढले आणि स्थानिक चलन कमी झालं. सकाळी रेमिटन्स विभागातून, म्हणजे परदेशातून घरी पाठवलेला पैसा हाताळणाऱ्या विभागातून, टेबलावर एक आकडा यायचा: आज इतके डॉलर हातात आहेत. ते दिवसभर सांभाळत बसणं म्हणजे जोखीम, म्हणून डीलर ते विकायला काढतो. त्याचं गिऱ्हाईक सहसा दोघांपैकी एक असतं: डॉलर हवा असलेला आयातदार, नाहीतर मध्यवर्ती बँक. तिसरा एक खरेदीदार आहे, पण तो आमच्या टेबलावर कधी येत नाही. त्याच्याकडे नंतर वळतो.

आयातदाराने डॉलर घेतले तर आलेला डॉलर त्याच आठवड्यात बाहेर गेला. चलन वधारलेलं दिसत नाही आणि लोक म्हणतात, एवढा पैसा आला, काय उपयोग? उपयोग असा, की तो आला नसता तर तोच आयातदार तेवढ्याच डॉलरसाठी चढी बोली लावत बसला असता. रेमिटन्सचा दरावरचा परिणाम बहुतेक वेळा असा न दिसणारा असतो. वरती ढकलण्यापेक्षा खालून टेकू देणं हे त्याचं मुख्य काम.

नेपाळमध्ये हे सगळ्यांत उघड दिसतं. परदेशातून येणारा पैसा तिथल्या जीडीपीच्या साधारण पाव हिश्शाएवढा आहे. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, त्यामुळे एवढा पैसा येऊनही दराचा आकडा तिथून हलत नाही. हालचाल सगळी आयातीत होते. घरी पैसे आले की मोटारसायकल, मोबाइल, सिमेंट, सळई, इंधन घेतलं जातं आणि यातलं बहुतेक बाहेरून येतं. निर्यात आयातीच्या पासंगालाही पुरत नाही. मधली दरी गवंडी, वेटर आणि सुरक्षारक्षकांच्या पगारातून भरली जाते. २०२१-२२ मध्ये आयात उसळली आणि नेमका तेव्हाच हा ओघ मंदावला. काही महिन्यांत परकीय चलनाची गंगाजळी इतकी उतरली की एप्रिल २०२२ मध्ये सरकारने मोटारी, दारू अशा चैनीच्या वस्तूंची आयातच बंद केली. वर्षाअखेरीस बंदी उठली. या सगळ्या काळात १.६० हा आकडा जिथल्या तिथे होता. फक्त दराकडे पाहणाऱ्याला देश अडचणीत होता हे कळलंही नसतं.

दुसरं गिऱ्हाईक मध्यवर्ती बँक. स्थानिक चलन फार वधारू लागलं की निर्यातदार ओरडतात, मग मध्यवर्ती बँक बाजारात उतरून डॉलर उचलते. गंगाजळी वाढते. पण डॉलरच्या बदल्यात ती स्थानिक चलन सोडते, म्हणजे बाजारात तेवढा नवा पैसा येतो. तो रोखे विकून परत ओढायचा, ज्याला आम्ही स्टरिलायझेशन म्हणतो, तर रोख्यांवर व्याज द्यावं लागतं आणि गंगाजळीवर मिळणारं व्याज सहसा त्याहून कमी असतं. छोट्या देशांत रोख्यांचा बाजारही उथळ असतो, सगळा पैसा परत ओढता येत नाही. उरलेला पैसा कर्जात, जमिनीत आणि महागाईत मुरतो.

इथून खरा मुद्दा सुरू होतो. बातमीत दिसतो तो नाममात्र दर. अर्थव्यवस्थेला जाणवतो तो वास्तव दर, म्हणजे दोन्हीकडच्या किमतींचा फरक धरून काढलेला. समजा दर पाच वर्षं १००वर स्थिर आहे. देशात महागाई वर्षाला ८ टक्के, बाहेर २ टक्के. पाच वर्षांत देशातल्या किमती ४७ टक्क्यांनी वाढल्या, बाहेरच्या १० टक्क्यांनी. दराचा आकडा तोच, पण वास्तवात चलन एक तृतीयांशाने महाग झालं. निर्यातदाराचा मजुरीचा, भाड्याचा, वाहतुकीचा खर्च वाढला आणि डॉलरमागे हाती येणारे पैसे मात्र तेवढेच राहिले. तो हळूहळू बाजारातून बाहेर पडतो.

रेमिटन्समुळे नेमकं हेच व्हायची भीती असते. बाहेरून आणता येणाऱ्या वस्तू महाग होत नाहीत, मागणी वाढली की जास्त आणल्या जातात. पण घर, जमीन, शाळेची फी, दवाखाना, गवंडीकाम बाहेरून आणता येत नाही. पैसा तिथे शिरला की भाव चढतात. त्यातच काम करणारे हात परदेशात गेलेले असतात, आणि घरी दरमहा पैसे येतात म्हणून मागे राहिलेल्यांपैकी काही जण कमी पगाराची कामं नाकारतात. मजुरी वाढते. याला डच डिसीज म्हणतात. १९५९ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन भागात नैसर्गिक वायू सापडला, त्याच्या निर्यातीने चलन वधारलं आणि कारखानदारी मागे पडली, त्यावरून १९७७ मध्ये हे नाव पडलं. वायूच्या जागी माणसं ठेवली की आपला विषय येतो. नावातच रोग असल्यामुळे चर्चा सुरू होण्याआधीच निदान होऊन जातं, हे मात्र मला नेहमी खटकतं.

कारण पुरावा तेवढा एकतर्फी नाही. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या १३ देशांवरच्या २००४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात रेमिटन्स दुप्पट झाल्यास वास्तव दर सुमारे २२ टक्क्यांनी वधारतो असं निघालं. हा आकडा आजही सगळीकडे उद्धृत होतो. पण नंतरच्या वर्षांत, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत झालेल्या कामासकट, परिणाम बराच लहान निघाला, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच. परकीय मदतीने निर्यातक्षम उद्योगांचं जसं नुकसान होतं तसं रेमिटन्सने होताना दिसत नाही, असंही त्यातल्या काहींनी मांडलं. माझ्या अनुभवात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. देश छोटा, रेमिटन्स जीडीपीच्या १५-२० टक्के, व्यापार बंदिस्त आणि जमीन-घरं मोजकी असतील, तर वास्तव दर चढतोच. बाजार खुला असेल आणि पैसा आयातीतून पटकन बाहेर जात असेल, तर फारसं काही घडत नाही.

एल साल्वादोर पहिल्या प्रकारात मोडतो. रेमिटन्स जीडीपीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी आपला कोलोन एका डॉलरला ८.७५ या दराने गोठवून थेट डॉलरच स्वीकारला. त्यानंतर नाममात्र दर हा प्रकारच उरला नाही. चलन महाग झालं, तर ते फक्त मजुरी आणि किमतींतून होणार. आणि कधी स्वस्त करायचं ठरलं, तर मजुरी खाली आणावी लागणार. ते किती अवघड असतं हे सांगायला नको.

फिलिपिन्समध्ये दर तरता होता, म्हणजे बाजार ठरवेल तसा हलणारा, म्हणून तिथे उलट चित्र दिसलं. २००४-०५ च्या सुमारास डॉलरला ५६ पेसो पडत होते, २००७ अखेरीस ४१च्या आसपास. डॉलर तेव्हा जगभर कमजोर होता आणि शेअर बाजारात परदेशी पैसाही येत होता, म्हणून सगळं श्रेय रेमिटन्सला देता येत नाही. तरी वाटा मोठा होता. आणि तक्रार करणाऱ्यांत निर्यातदारांबरोबर परदेशातल्या कामगारांची कुटुंबंही होती, कारण तेवढ्याच डॉलरचे घरी पाव हिश्शाने कमी पेसो होत होते. मेक्सिकोत २०२३ मध्ये तेच झालं. रेमिटन्स विक्रमी, ६३ अब्ज डॉलरच्या वर, पण दोन वर्षांपूर्वी २०च्या घरात असलेला डॉलर १७ पेसोंवर आला. ५०० डॉलर पाठवणाऱ्याच्या घरी आधी १०,००० पेसो यायचे, आता ८,५००. विक्रमाच्या बातमीत हा हिशेब क्वचितच असतो.

इथवर आपण पैशाने दर कसा हलतो ते पाहिलं. टेबलावर बसून मला जास्त वेळा दिसलं ते उलट होतं: दर ठरवतो पैसा किती येईल, कधी येईल आणि कोणत्या वाटेने येईल.

पाठवणारा माणूस दराकडे लक्ष ठेवून असतो. स्थानिक चलन पडलं की त्याचा पगार घरच्या हिशेबात फुगतो. मग काही जण जास्त पाठवतात. प्लॉट घ्यायचा, कर्ज फेडायचं राहिलेलं असतं. काही जण कमी पाठवतात, कारण घरखर्चाला आता थोडे डॉलर पुरतात. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात वेगवेगळ्या देशांतल्या फिलिपिनो कामगारांच्या चलनांचे भाव पेसोच्या तुलनेत वेगवेगळे बदलले. त्या आकड्यांवरून असं निघालं की कामगाराच्या ठिकाणचं चलन १० टक्क्यांनी वधारलं तर पेसोतला रेमिटन्स सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे डॉलरमध्ये मोजलं तर उलट थोडा कमी होतो. चलन पडलं की रेमिटन्स धावून येतो आणि घसरण थांबवतो, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

यात अपेक्षेचा भाग वेगळा. एकदा पडून स्थिरावलेलं चलन आणि आणखी पडेल अशी भीती असलेलं चलन, या दोन अगदी निराळ्या परिस्थिती आहेत. पुढच्या महिन्यात दर आणखी चांगला मिळेल असं वाटलं की माणूस थांबतो. त्याच वेळी निर्यातदारही डॉलर मायदेशी आणायला टाळाटाळ करतो आणि आयातदार तीन महिन्यांनंतरची गरज आजच भागवून घेतो. त्या दिवसांत सकाळचा तो आकडा अर्ध्यावर यायचा आणि खरेदीच्या ऑर्डर दुप्पट व्हायच्या. डॉलर देशाच्या लोकांकडे असतात, फक्त कोणी विकत नाही.

आता तो तिसरा खरेदीदार. सरकारने अधिकृत दर १०० वर धरून ठेवला आणि बाजारात डॉलरला ११० मिळतात असं समजू. ५०० डॉलर पाठवणाऱ्याला बँकेतून ५०,००० मिळणार, हुंडीवाल्याकडून, म्हणजे बँकेला वगळून पैसे पोहोचवणाऱ्याकडून, ५५,०००. तो कोणाकडे जाईल? हुंडीवाला परदेशात डॉलर घेतो आणि त्याचा माणूस इथे घरपोच नोटा देतो. या नोटा ज्याच्या असतात तोच हा तिसरा खरेदीदार, त्याला डॉलर बाहेरच हवे असतात. कोणी मालाची किंमत कमी दाखवून आयात करतो, कोणी सोनं आणतो, कोणी इथली संपत्ती परदेशात हलवतो. डॉलर देशात येतच नाही. कुटुंबाला पैसे मिळाले, खर्चही झाले, किमतीही चढल्या, पण गंगाजळीत एक सेंट पडला नाही. म्हणून दोन दरांतली तफावत मी रेमिटन्सच्या मासिक आकड्याआधी पाहतो.

पाकिस्तानात २०२२ मध्ये हे घडलं. दर दाबून धरला, खुल्या बाजारात डॉलर महाग. २६ जानेवारी २०२३ ला पकड सोडली आणि एका दिवसात रुपया डॉलरला २३०च्या आसपासवरून २५५वर घसरला. त्या आर्थिक वर्षात अधिकृत रेमिटन्स ३१ अब्जांवरून सुमारे २७ अब्ज डॉलरवर उतरला. पुढे दोन दर जवळ आले, हुंडीवाल्यांवर कारवाई झाली आणि २०२४-२५ मध्ये हाच आकडा ३८ अब्जांवर पोहोचला. इजिप्तची गोष्ट आणखी ठळक. २०२४ च्या सुरुवातीला अधिकृत दर डॉलरला ३१ पौंड आणि रस्त्यावर ७०च्या आसपास. ६ मार्चला पौंड मोकळा सोडला, तो ५०च्या जवळ गेला, व्याजदर एकाच बैठकीत ६ टक्के-अंकांनी वाढवले. रेमिटन्स २०२३-२४ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर होता, पुढच्या वर्षी ३६ अब्जांच्या वर गेला. परदेशातल्या इजिप्शियन माणसांचे पगार वर्षभरात दीडपट झाले नव्हते. पैसा आधीही येत होता, फक्त बँकेच्या बाहेरून.

कोविडने हाच धडा उलट बाजूने दिला. एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने रेमिटन्स सुमारे २० टक्क्यांनी घसरेल असा अंदाज वर्तवला. प्रत्यक्ष घट २ टक्क्यांच्याही आत राहिली, आणि पाकिस्तान, बांगलादेशात तर वाढ झाली. कामगारांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलं हे खरं. पण विमानं बंद, सीमा बंद, नोटा आणि सोनं नेणारी माणसं बंद, त्यामुळे हुंडीचा पैसा बँकेत आला हेही तितकंच खरं. तेव्हा वाढ दिसली की त्यातली किती खरी आणि किती नुसती वाट बदललेली, हे विचारावं लागतं. मजा अशी, की विनिमय दराला दोन्ही सारखीच उपयोगी, कारण दोन्हीत डॉलर बँकेच्या टेबलावर येतो.

पैसा जिथून येतो त्या देशाचं काय? सगळे डॉलरमध्ये कमावत नाहीत. ताजिकिस्तानची माणसं रशियात रूबलमध्ये कमावतात आणि २०१३ मध्ये रेमिटन्स तिथल्या जीडीपीच्या ४० टक्क्यांहून जास्त होता. २०१४ मध्ये तेल कोसळलं, निर्बंध आले, रूबलची किंमत डॉलरच्या तुलनेत निम्म्यावर आली. मग ताजिकिस्तानचं चलन सोमोनीही घसरलं. तिथे रेमिटन्सने संकट टेकू देऊन थोपवलं नाही, संकट त्याच वाटेने आत आलं. आखातातून पैसा येणाऱ्या, पण तेल आयात करणाऱ्या देशांना एक नैसर्गिक तोल मिळतो: तेल उतरलं की काही काळाने रेमिटन्स मंदावतो, पण तेलाचं बिल लगेच हलकं होतं.

एक गल्लत कायम होते, ती झटक्यात सांगतो. परदेशस्थ लोकांच्या ठेवी म्हणजे रेमिटन्स नाही. घरखर्चाला आलेला पैसा परत जात नाही, ठेव परत मागता येते. भारतातून १९९०-९१ मध्ये अशाच ठेवी निघून गेल्या आणि संकट गहिरं झालं. २०१३ मध्ये रुपया ६८ ओलांडून गेल्यावर खास सवलतीची योजना आणून बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलर उभे केले, तेही ठेवी आणि कर्जंच होती, मुदत ठरलेली. लेबनॉनने तर १९९७ पासून १,५०७.५ वर धरलेला दर अशा ठेवींच्या जोरावर वर्षानुवर्षं टिकवला आणि २०१९ मध्ये सगळं एकदमच कोसळलं.

उरला बोनसचा प्रश्न. बांगलादेशने २०१९ मध्ये बँकेतून येणाऱ्या पैशावर २ टक्के प्रोत्साहन सुरू केलं, जानेवारी २०२२ पासून २.५ टक्के. बँकेच्या आणि हुंडीच्या दरांतली तफावत एक-दोन टक्क्यांची असते तेव्हा हे चालतं. हुंडीवाला ८ टक्के जास्त देत असेल तर अडीच टक्क्यांसाठी कोण रांगेत उभं राहील? सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या बँकांनी रेमिटन्सला १०८ टका आणि निर्यातीच्या डॉलरला ९९ टका असे दोन वेगळे दर लावले. माझ्या मते ही मोठी चूक होती. एकाच डॉलरला दोन किमती दिल्या की स्वस्त खिडकीवर कोणी विकायला येत नाही आणि दर खोटा आहे अशी कबुली बँकांनीच दिल्यासारखं होतं. मे २०२४ मध्ये अधिकृत दर ११० वरून ११७ केला, ऑगस्टमधल्या सत्तांतरानंतर पैसा बाहेर हलवणाऱ्यांची मागणीही ओसरली, आणि २०२३-२४ मध्ये २४ अब्जांच्या आसपास असलेला रेमिटन्स पुढच्या वर्षी ३० अब्ज डॉलरच्या वर गेला. सरकारी बोनसचा दर या सगळ्यात अडीच टक्केच होता.

अर्थमंत्र्याच्या जागी मी असतो तर बोनसचा पैसा पाठवणीचा खर्च कमी करण्यात घातला असता. २०० डॉलर पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो, संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ३ टक्क्यांवर आणण्याचं आहे. उलट अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून रोखीने पाठवलेल्या रकमेवर १ टक्का कर लावला आहे. खात्यातून किंवा कार्डाने पाठवलं तर तो लागत नाही, म्हणून चलनांच्या दरावर याचा परिणाम किरकोळच राहील असं मला वाटतं. ज्याच्याकडे बँक खातंच नाही त्याला मात्र तो भरावा लागेल, आणि नेमक्या त्याच गिऱ्हाइकाची हुंडीवाला वाट पाहत असतो.